ग्लोव्ह सहा नंबरचा, हँडल कुणाच्या मापाचं?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी जनरल सर्जरीची दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट आहे. सरकारी कॉलेज, उंची पाच फूट, ग्लोव्ह सहा नंबर. चार-पाच महिन्यांपासून लॅप कोलीत, म्हणजे दुर्बिणीतून पित्ताशय काढायच्या ऑपरेशनमध्ये, हातात काम यायला लागलंय आणि तेव्हापासून केस संपली की उजवा अंगठा बधिर होतो, कधीकधी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. खांदा आणि कोपराखालचा हातही दुखतो. मागच्या महिन्यात लॅप कोलॉनच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या, एका केसला स्टेपलर (पिना मारून आतडं कापणारं अवजार) तिच्याकडून पूर्ण दाबला गेला नाही, सरांनी तो हातातून काढून घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढ्याशा हातांनी सर्जरी होत नसते, स्किन घ्यायची होतीस." तेव्हापासून ती रोज रात्री रबरी बॉल दाबत बसते. आईबाबा म्हणतात ब्रँच बदल. तिचे प्रश्न तीन आहेत. लहान हात हा सर्जरीत दोष आहे का, कर्ज काढून स्वतःची इम्पोर्टेड इन्स्ट्रुमेंट्स घ्यावीत का, आणि अंगठ्याचं कुणाला सांगावं का, कारण सांगितलं की केसेस मिळणं बंद होईल अशी भीती वाटते.

अगं, पत्र वाचता वाचता माझा डावा हात आपोआप उजव्या अंगठ्याकडे गेला. माझाही ग्लोव्ह सहाचाच, उंचीत मी तुझ्यापेक्षा इंचभर जास्त असेन, आणि पंचवीस वर्षांपूर्वी मीही चेंजिंग रूममध्ये अंगठा गरम पाण्याखाली धरून उभी राहायचे, कुणाची चाहूल लागली की नळ बंद. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे आणि तुझ्या प्रश्नांच्या क्रमाने जाणार नाही, शेवटचा आधी घेते कारण तो थांबणारा नाही.

बधिरपणा नक्की कुठे आहे ते आज रात्री शांत बसून बघ. ग्रास्परची, म्हणजे पोटात टिश्यू पकडायच्या लांब चिमट्याची, रिंग जिथे टेकते तिथून अंगठ्याच्या कडेकडेने टोकापर्यंत असेल आणि बाकीची बोटं ठीक असतील तर रिंगखाली अंगठ्याची नस दाबली जातेय असं समजायला जागा आहे. ह्याला 'लॅप्रोस्कोपिक सर्जनचा अंगठा' असं नावच पडलंय, तेही नव्वदच्या दशकात, म्हणजे लॅप कोली जगभर पसरली आणि पाठोपाठ हा अंगठा आला. दाब थांबला की बहुतेक वेळा नस सावरते. पण अंगठा, तर्जनी, मधलं बोट अशा तिन्हींत मुंग्या येत असतील, रात्री जाग येऊन हात झटकावासा वाटत असेल, चहाचा कप धरताना पकड सुटत असेल तर गोष्ट कार्पल टनेलकडे, म्हणजे मनगटात नस दाबली जाण्याकडे, चाललीय, मग नसांची टेस्ट, थायरॉइड, शुगर, बी-बारा हे सगळं बघायला हवं आणि हे तुला मी सांगायला नको, तुझ्या ओपीडीत अशी पेशंट आली असती तर तूच पाच मिनिटांत लिहून दिलं असतंस. सकाळपर्यंत टिकतो म्हणतेस ते मला आवडलेलं नाही. ह्याच आठवड्यात हात बघणाऱ्या ऑर्थो किंवा प्लास्टिक सर्जनला दाखव. स्वतःच्या कॉलेजात नको वाटत असेल तर बाहेर दाखव, पण दाखव.

आता ते वाक्य, 'माझे हात सर्जरीसाठी लहान आहेत'. हे सरांचं वाक्य आहे, तू ते उचलून घरी आणलंस आणि आता रोज रात्री बॉल दाबून त्याची पूजा करतेस.

उद्या ओटीत ग्लोव्हजच्या रॅकसमोर जरा उभी राहा. सहा, साडेसहा, सात, साडेसात, आठ. सहाच्या ग्लोव्हची तळव्याशी रुंदी साधारण ७६ मिलिमीटर, आठच्या ग्लोव्हची १०२, म्हणजे इंचभराचा फरक. जी रबराची पिशवी एका केसला वापरून लाल बॅगेत जाते तिला पाच मापं, आणि शेजारच्या ट्रेमध्ये जो ग्रास्पर आहे, जो तू दोन-दोन तास धरतेस आणि जो पंधरा वर्षं ह्याच ओटीत राहणार, त्याच्या हँडलला माप एकच. कुणाच्या हाताचं ते कुठे लिहिलेलं नसतं पण घालून बघितलं की कळतं, साडेसात-आठवाल्याच्या हातात ते चपखल बसतं आणि आपल्या हातात बाबांची चप्पल घातल्यासारखं होतं. २००४ साली ७२६ लॅप्रोस्कोपिक सर्जनना विचारून केलेला एक सर्व्हे छापून आला होता, त्यात साडेसहा किंवा त्याहून लहान ग्लोव्हवाल्यांना इन्स्ट्रुमेंट्सचा त्रास जास्त होतो हे स्पष्ट दिसलं. ग्लोव्हच्या नंबराप्रमाणे त्रास, हे लक्षात घे, म्हणजे हा फक्त बायकांचा विषयही नाही, आपल्याकडे साडेसहाचा ग्लोव्ह घालणारे पुरुष सर्जन काय कमी आहेत का, ते बोलत नाहीत एवढंच.

आणि ही काही आजची अक्कल नाही. सुश्रुतसंहितेत शस्त्र चांगलं कसं असावं ह्याची यादी आहे, त्यात पहिला शब्द कोणता माहितीय? 'सुग्रह'. म्हणजे नीट धरता येणारं. चांगलं लोखंड, चांगली धार हे त्याच्या नंतर. शस्त्राचे आठ दोष सांगितलेत त्यात अतिस्थूल आणि अतिदीर्घ आहेत. आणि एकशे एक यंत्रं मोजताना सगळ्यात मुख्य यंत्र म्हणून हाताचं नाव घेतलंय. हात कुणाचा, लहान की मोठा, ह्यावर अट नाही. पुढच्या वेळी कुणी परंपरेच्या गोष्टी करायला लागलं तर हे आठवणीत असू दे.

लॅपची हँडल्स अशी का आहेत तर त्याचं उत्तर जरा गंमतीशीर आहे. कात्री आणि आर्टरी फोर्सेपची (रक्तवाहिनी धरायच्या चिमट्याची) जी रिंग सर्जनच्या बोटांना सवयीची होती तीच उचलून तीस-पस्तीस सेंटीमीटरच्या दांड्याच्या टोकाला लावली. आर्टरीला रिंग ठीक आहे, ती दोन मिनिटं धरायची, लॉक करायची, सोडून द्यायची. लॅपमध्ये तीच रिंग सतत धरायची, मनगट वाकवून, आणि पोटाच्या भिंतीतला पोर्ट (दांडा आत जायची नळी) म्हणजे टेकू, त्यामुळे हात उजवीकडे तर टोक डावीकडे. वर त्या लांब दांड्यातून आणि सांध्यासांध्यातून जोर गळतो, जबड्यापर्यंत पोचेपर्यंत थोडाच उरतो, म्हणून आर्टरीने जे सहज पकडलं असतं त्यासाठी इथे कितीतरी जास्त दाबावं लागतं. आपल्याकडे लॅप कोली डॉ. तेहमटन उडवाडियांनी १९९० मध्ये जे. जे. हॉस्पिटलात सुरू केली. तेव्हापासून कॅमेरा कुठून कुठे गेला, मॉनिटर बदलले, एनर्जी सोर्स बदलले, पण तुमच्या ट्रेमधला साधा ग्रास्पर तेव्हाच्या सिस्टरला दाखवला तर ती लगेच ओळखेल.

इतकं सगळं म्हटल्यावर तुला वाटेल मी आता सांगणार, घे ती इम्पोर्टेड सेट. थांब. कारण दुसरी एक गोष्ट तुझ्या पत्रात तू ओझरती लिहिलीस आणि पुढे गेलीस. "टेबल सरांच्या उंचीला असतं, मी थोडी टाचांवर उभी राहते." बाई, इथे अर्धं उत्तर आहे!

तुझी उंची पाच फूट म्हणजे १५२ सेंटीमीटर, तर तुझं कोपर जमिनीपासून साधारण ९५ सेंटीमीटरवर असणार. लॅपमध्ये हँडल कोपराच्या पातळीला किंवा किंचित खाली यायला हवं. ह्यावर ज्यांनी मोजमापं केली त्यांच्या हिशोबाने त्यासाठी टेबल कोपराच्या उंचीच्या ०.७ ते ०.८ पट असावं, म्हणजे तुझ्यासाठी ६७ ते ७६ सेंटीमीटर. आता तुमच्या ओटीचं टेबल पूर्ण खाली घेऊन टेपने मोज. बरीच टेबलं तिथपर्यंत येतच नाहीत, त्यात गादी, त्यात पेशंटचं पोट, त्यात गॅस भरला की पोट फुगून वर आलं, कोलीला हेड-अप दिलं की वरचं पोट अजून वर. आणि सर पावणेसहा फुटांचे. मग तुझं काय होतं बघ, हँडल छातीपाशी येतं, कोपर पंखासारखं बाहेर जातं, खांदा उचललेला राहतो आणि मनगट खाली वाकतं. वाकलेल्या मनगटाने पकडीचा जोर कमी होतो, हे तू स्वतः करून बघू शकतेस, मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकव आणि मूठ आवळून बघ, आवळलीच जात नाही. स्टेपलरचा लिव्हर मुळात तुझ्या बोटांना लांब, बोटांच्या टोकांनी कसाबसा धरलेला, त्यात मनगट वाकलेलं, त्यात टाचांवर उभी. तिथे तुझ्याजागी साडेसातचा ग्लोव्हवाला पण पाच फुटांचा कुणी उभा असता तरी त्याचीही फजितीच झाली असती.

म्हणून पहिला खर्च स्टूलचा. टेबल सगळ्यात उंच माणसाला धरून लावायचं आणि बाकीच्यांनी स्टूलवर चढायचं ही ओटीतली सर्वमान्य तडजोड आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण स्टूल कसं ते महत्त्वाचं. ओटीत जे एक अरुंद, डुगडुगणारं असतं ते नको, त्यावर उभं राहिलं की निम्मं लक्ष पडू नये ह्यात जातं. रुंद हवं, दोन्ही पाय फाकवून उभं राहता येईल आणि कॉटरीचं (विजेने रक्त थांबवायच्या यंत्राचं) पेडलही त्याच पातळीवर मावेल इतकं. पेडल खाली जमिनीवर आणि तू वर, असं झालं की एक पाय लोंबतो, सगळं वजन दुसऱ्या पायावर, आणि कंबर गेली. मी माझ्या वेळी हॉस्पिटलच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रीकडून असं एक करून घेतलं होतं, रुंद, वर खडबडीत रबर, खाली एकावर एक रचता येतील असे दोन थर. पहिल्या दिवशी हसले सगळे. दुसऱ्या महिन्यात आमच्या युनिटचा एक बुटका लेक्चरर ते माझ्याआधी पळवायला लागला आणि ओटीतल्या मामांना रोज विचारावं लागायचं, माझं स्टूल कुणी नेलं. मॉनिटरचं पण बघ, तो तुझ्या समोर आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा खाली हवा. कपाटाच्या डोक्यावर टीव्हीसारखा ठेवलेला असेल तर मान वर करून करून खांद्याचं दुखणं तिथूनही येतं.

ग्लोव्हचं अजून एक. सरकारी ओटीत सहा नंबर संपलेला असतो, 'आज सातचा घाला मॅडम' होतं की नाही? बोटांच्या टोकाला रबर लोंबत असेल तर हाताला इन्स्ट्रुमेंट कळत नाही आणि कळत नाही म्हणून आपण नकळत जास्त आवळतो. इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी, कोण भरतं ते शोध, त्या सिस्टरशी गोड बोल, सहाचे दोन बॉक्स जास्तीचे लिहून घे. हे बोनस काम नाही, अंगठ्याचा इलाजच आहे.

आता धरायचं कसं. तुला शिकवलं असेल अंगठा एका रिंगमध्ये, अनामिका दुसऱ्या रिंगमध्ये, तर्जनी दांडा फिरवायच्या चाकावर. हे बारीक कामाला ठीक, पण अंगठा रिंगमध्ये पेरापर्यंत घुसवायचा नाही, फक्त टोक, नखापर्यंत. आणि नुसतं पकडून ताणून धरायचं असेल, जे रेसिडेंटच्या नशिबी तासन् तास असतं, तेव्हा रॅचेट, म्हणजे पकड लॉक करणारा खटका, असलेला ग्रास्पर मागून घे, लॉक कर, अंगठा रिंगमधून बाहेर काढ आणि हँडल अख्खं तळव्यात घे, जसं आपण सांडशीने पातेलं उतरवतो तसं. ह्याला पामिंग म्हणतात. मनगट लगेच सरळ होतं, करून बघ. बारीक पकड आणि मुठीची पकड ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नेपियर नावाच्या माणसाने १९५६ साली नीट मांडून ठेवलंय, आणि आपण काय करतो तर चिमटीच्या पकडीने मुठीचं काम करतो आणि मग अंगठा रडतो. चाकापर्यंत तुझी तर्जनी पोचत नसेल तर ताणू नकोस, डाव्या हाताने फिरव किंवा सिस्टरकडून फिरवूनच घे. दोन सेकंद जातात. जाऊ देत.

आणि स्टेपलर दोन हातांनी दाबायचा. हो, खुशाल. एक हात स्टेपलरची बॉडी स्थिर धरायला आणि लिव्हरला दुसऱ्या हाताची मदत, किंवा बॉडी असिस्टंटने धरायची आणि तू दोन्ही हातांनी लिव्हर. टोक हललं नाही म्हणजे झालं. ह्याला कुणी कमीपणा म्हणत असेल तर म्हणू दे, पेशंटच्या आतड्याला एका हाताने दाबलं की दोन ते कळत नाही, अर्धवट दाबलं ते मात्र कळतं.

ह्याच्यावरून सरांचं. बोलले ते चूकच, सगळ्यांसमोर तर जास्तच चूक, आणि 'स्किन घ्यायची होतीस' ह्यात स्किनवाल्यांचाही अपमान आहे. पण स्टेपलर हातातून काढून घेतला ह्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. अर्धा फायर झालेला स्टेपलर म्हणजे टिश्यू चिरडलेला, पिना अर्ध्या, रक्त कधीही सुरू, तिथे रेसिडेंटच्या भावना बघायला वेळ नसतो. तुझ्या मनात ह्या दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात, त्या सोडव. काढून घेणं हा क्लिनिकल निर्णय होता, बोलणं हा स्वभाव होता. पुढच्या वेळी काढून घ्यायची वेळच येऊ नये म्हणून आधीच सांगायचं, केस सुरू व्हायच्या आधी, स्क्रब करता करता: "सर, स्टेपलर मी दोन हातांनी फायर करते, कॅमेऱ्यावाल्याला एक सेकंद बॉडी धरायला सांगते." विचारायचं नाही, सांगायचं, जसं आपण 'सर, ब्लड अरेंज केलंय' सांगतो त्या आवाजात. आणि त्याआधी एक्सपायर झालेला किंवा वापरून टाकलेला एखादा स्टेपलर कंपनीच्या माणसाकडून डेमोसाठी माग, रिकाम्या टेबलवर वीस वेळा दाब, स्टूलवर उभी राहून, तुझ्या मापाचा ग्लोव्ह घालून. बॅटरीवर चालणारे स्टेपलर आलेत, बटण दाबलं की झालं, पण महाग आहेत आणि हँडल जाडच आहे, सरकारी ओटीत त्याची वाट बघत बसू नकोस.

मग इम्पोर्टेड सेट घ्यायची का? माझ्या कपाटाच्या खालच्या खणात एक मेरीलँड (टिश्यू सोडवायचा वाकड्या टोकाचा चिमटा) आणि एक नीडल होल्डर (सुई धरायचा) आहे, जर्मन, तुटलिंगेन गावचं, जिथे सर्जिकल इन्स्ट्रुमेंट्सचाच धंदा पिढ्यान् पिढ्या चालतो. एका कोर्सला गेले होते, स्टॉलवर हातात घेतलं, आहाहा वाटलं, तीन हप्त्यांत पैसे दिले. नीडल होल्डर सरळ हँडलचा, तळव्यात मावणारा, तो खरंच छान निघाला, वर्षानुवर्षं वापरला. मेरीलँडची रिंग मात्र दुसऱ्याच केसला टोचायला लागली कारण स्टॉलवर मी तो जेमतेम दहा सेकंद धरला होता, ग्लोव्ह न घालता, एसीत, खुर्चीवर बसून. महाग आहे म्हणून आपल्या मापाचं आहे असं नसतं बाई. एर्गोनॉमिक हा शब्द तर आता पेन आणि झाडूवरसुद्धा छापतात.

त्यामुळे कर्ज काढू नकोस. पुढच्या मासिकॉनला, म्हणजे राज्यातल्या सर्जनच्या कॉन्फरन्सला, जाशील तेव्हा सहाचे दोन ग्लोव्ह खिशात टाकून जा, घाल, वरून थोडी जेली लाव म्हणजे रक्ताने निसरडं होतं तसं होईल, आणि एकेक हँडल पूर्ण पाच मिनिटं धर, स्टॉलवाला कंटाळला तरी. जबडा पूर्ण उघडल्यावर तुझी बोटं ताणली जातात का, पकड न बदलता तर्जनी चाकापर्यंत आणि अंगठा रॅचेटच्या खटक्यापर्यंत पोचतो का, आणि हे सगळं करताना मनगट सरळ राहतं का, एवढं बघ. आणि सगळी सेट कशाला, तुझ्या उजव्या हातात जास्त वेळ कोणतं इन्स्ट्रुमेंट असतं ते दोन आठवडे डायरीत लिही, केस, इन्स्ट्रुमेंट, किती वेळ, काय दुखलं, मग कळेल की त्रास देणारं बहुतेक एकच आहे किंवा दोन. ते एक घे. मुंबईत असशील तर प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानांत भारतीय बनावटीची हँडल्स स्वस्तात बघायला मिळतात, हँडल वेगळं आणि दांडा वेगळा असं सुटं मिळतं, नुसतं हँडल बदललं तरी चालतं, फक्त तुमच्या दांड्याला बसतंय ना आणि इन्सुलेशन धड आहे ना ते बघून घे. घरगुती जुगाड, रिंगला टेप गुंडाळ, रबरी नळी कापून चढव, असलं करू नकोस. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ नाहीतर १३४ डिग्रीला ते वितळेल किंवा त्याच्याखाली घाण अडकेल, आणि मग सीएसएसडीवाल्यांचं (निर्जंतुकीकरण विभागाचं) बोलणं खाशील ते वेगळं.

बॉल दाबणं आजपासून बंद. बोटं मिटणारे स्नायू दिवसभर ओटीत दाबून दाबून आधीच थकलेत, रात्री त्यांनाच परत जुंपायचं म्हणजे नांगरून आलेल्या बैलाला गाडीला लावण्यासारखं. तुझ्यात जोर कमी नाहीये, लिव्हर लांब आहे, आणि बोट लांब करायचा व्यायाम अजून निघालेला नाही. करायचंच असेल तर उलटं कर, पाच बोटांभोवती रबरबँड घालून बोटं उघड. आणि केसमध्ये मध्येच थांबायला शीक. दर वीस ते चाळीस मिनिटांनी दीड-दोन मिनिटं हात खाली सोडून खांदे फिरवले तर दुखणं कमी होतं आणि ऑपरेशनचा वेळही वाढत नाही असं तपासून बघितलेलं आहे. जर्मनीत हॅनोव्हरला तर लहान मुलांच्या लॅपमध्ये दर अर्ध्या तासाला गॅस सोडून पाच मिनिटं थांबायचा प्रयोग केला होता, एकूण वेळ तेवढाच लागला. रेसिडेंटला 'सर, ब्रेक घेऊया' म्हणता येत नाही हे मला माहितीय. पण कॅमेऱ्याची लेन्स पुसायला बाहेर येतेच ना दर थोड्या वेळाने? तोच तुझा ब्रेक. लेन्स बाहेर, अंगठा रिंगच्या बाहेर.

सांगावं का, ह्याचं. तुला वाटतं ओटीत दुखणारी तू एकटीच आहेस. २०१० साली अमेरिकेत लॅप करणाऱ्या ३१७ सर्जनना विचारलं होतं, त्यातल्या जवळजवळ ८७ टक्क्यांनी काही ना काही त्रास होतो असं सांगितलं. तुमच्या चेंजिंग रूममध्ये दुखऱ्या खांद्यावर मारायचा स्प्रे कुणाच्या लॉकरमध्ये आहे बघ जरा. सरांच्या गाडीत मानेचा पट्टा असेल तर मला नवल वाटणार नाही. सगळ्यांचं दुखतं, बोलत कुणी नाही, आणि मग ज्याला पहिल्यांदा लागतं त्याला वाटतं आपल्यातच खोट आहे. तरीपण उद्याच जाऊन एचओडींच्या केबिनमध्ये अंगठ्याची कहाणी सांग असं मी म्हणणार नाही, तुमच्या डिपार्टमेंटचं हवामान तू जाणतेस. आधी डॉक्टरला दाखव, कागद हातात येऊ दे. मग युनिटमधल्या ज्या एका माणसाशी बोलता येतं, लेक्चरर असेल, सीनिअर रेसिडेंट असेल, त्याच्याशी बोल, आणि दुखण्यापासून सुरुवात करू नकोस, मागण्यापासून कर. 'मला त्रास होतो' म्हटलं की समोरचा सहानुभूती दाखवतो आणि तुझ्या नावावरची केस दुसऱ्याला देतो. 'मला रुंद स्टूल, सहाचे ग्लोव्ह आणि रॅचेटवाला ग्रास्पर लागतो' म्हटलं की त्याला करायला काहीतरी काम मिळतं. हां, पण नसांच्या टेस्टमध्ये काही निघालं आणि डॉक्टरने हात थांबवायला सांगितला तर थांबायचं आणि तेव्हा मात्र लेखी कळवायचं. तिथे हुशारी नको.

ह्याच विषयावर अजून दोघा-तिघांची पत्रं येऊन पडलीत, त्यांना इथेच सांगून टाकते. डावखुऱ्या इंटर्नला: तुझी कात्री बोथट नाहीये. उजव्या हाताची कात्री दाबताना अंगठ्याचा जो तिरका रेटा बसतो त्याने पाती एकमेकींवर घासतात, डाव्या हातात तोच रेटा उलटा बसतो आणि पाती फाकतात. डावी कात्री वेगळी मिळते, ती घे. आर्टरी आणि नीडल होल्डरचं लॉक सोडायची डावी पद्धत मात्र शिकून घे, अंगठ्याने ढकलायच्या ऐवजी ओढायचं, घरी टीव्ही बघताना हजार वेळा कर, कारण इमर्जन्सीत रात्री दोन वाजता डावी आर्टरी कुणी शोधून देणार नाही. स्केलिंग (दातांची सफाई) करून अंगठा दुखणाऱ्या डेंटिस्ट ताईंना: हात लहान म्हणून बारीक हँडल घेतलंत ना, तिथेच फसलात. बारीक हँडल जास्त चिमटीत धरावं लागतं. साधारण १० मिलिमीटर जाडीचं, गोल, आणि १५ ग्रॅमच्या आतलं वजनाला हलकं घेऊन बघा. आणि सहा फुटी ऑर्थो रेसिडेंटला, ज्याची कंबर जाते: बाबा रे, तुझं उत्तर सोपं आहे, टेबल वर घे, आणि शेजारी जी पाच फुटांची उभी असेल तिच्यासाठी स्टूल तूच आणून ठेव.

ब्रँच बदलायचं राहिलं. तुला सर्जरी आवडत नसेल, ड्युटीचं तोंड बघवत नसेल, तर बदल, त्यात काही बिघडत नाही, आईबाबांचं काळजीपोटीच चाललंय. पण तुझ्या चार पानी पत्रात सर्जरी आवडत नाही असं एक वाक्य मला सापडलं नाही, उलट त्या कोलॉनच्या केसचं वर्णन तू असं केलंस की जेवता जेवता वाचलं नसतं तर बरं झालं असतं. अंगठा, स्टूल, ग्लोव्ह, पकड ह्या चार गोष्टी लागल्यावर तीन महिने काम करून बघ आणि डायरी वाचून मग ठरव. स्टूलचं माप हवं असेल तर कळव. माझं ते जुनं अजून त्याच ओटीत आहे असं परवा कुणीतरी सांगितलं, रबर दोनदा बदललंय म्हणे, मिस्त्रींना फोन करून लांबी-रुंदी विचारून ठेवते.